अर्थ लागत नाही



मला इथे बोलावलं जातं ते बहुतेक वेळा कविता वाचायला. नाहीतर मुसलमान असून मराठीत कसे लिहिता, या प्रश्नाचं उत्तर द्यायला. ते उत्तर मी गेली तीस वर्षं देतो आहे. राहात्यात जन्मलो, शाळा मराठी, बी.ए.ला विषय मराठी, घरात दखनी आणि उंबऱ्याबाहेर मराठी. मग माणूस लिहिणार कशात? आज मात्र या दोन्हींतलं काही नाही. आज मी माझ्या जुन्या मोटारीबद्दल बोलणार आहे. तिच्या डॅशबोर्डवरच्या पिवळ्या दिव्याबद्दल आणि तिच्या एसीबद्दल. विषय ऐकल्यावर कार्यक्रम अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे एकदा पाहिलं, पण हो म्हणाले.

गाडी २००६ सालची. लहानशी, पेट्रोलवर चालणारी, दुसऱ्याकडून घेतलेली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण जे झालं त्यात कंपनीचा दोष नव्हता. एसी ही चैन आहे, असं मीसुद्धा पूर्वी म्हणत असे. गाडी घेतानाही एसी आहे म्हणून दहा हजार जास्त द्यायला मी कुरकुरलो होतो. पण आमच्या अम्मीला दम्याचा त्रास आहे. वय एक्क्याऐंशी. दर तीन आठवड्यांनी तिला नाशिकला छातीच्या डॉक्टरांकडे न्यावं लागतं. राहाता, शिर्डी, मग वावी, पांगरी, सिन्नर, मोहदरीचा घाट आणि नाशिक. नव्वद किलोमीटरच्या आसपास. या रस्त्यावर उन्हाळ्यात काच खाली करून जाणं धडधाकट माणसाला जमेल, दमेकऱ्याला नाही. धूळ, डिझेलचा धूर आणि वरून ती भाजणारी हवा.

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. दुपारचे तीन वाजले होते. नाशिकच्या द्वारका चौकात आम्ही अडकलो. ज्यांना तो चौक माहीत आहे त्यांना जास्त सांगायला नको. एसीतून आधी कोमट आणि मग सरळ गरम हवा यायला लागली. थोड्या वेळानं डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा तो पिवळा दिवा लागला. मागं अम्मीनं पंप काढला. एकदा मारला, दुसऱ्यांदा मारला. मी काच खाली केली तर शेजारच्या बसचा सगळा धूर आत. काच वर केली तर आत भट्टी. ती काही बोलत नव्हती, आणि तेच वाईट होतं. आरशात मला तिचे ओठ दिसत होते. त्यांचा रंग बरा नव्हता. वीस मिनिटांनी आम्ही दवाखान्यात पोहोचलो, तिला वाफ दिली, ऑक्सिजन लावला, आणि संध्याकाळी ती ‘घर कब जाना’ म्हणाली. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, पुन्हा अशी आणू नका. एकतर गाडी नीट करा, नाहीतर पहाटे निघा.

इथून माझी गॅरेजांची वारी सुरू झाली.

राहाता हे हमरस्त्यावरचं गाव आहे. नगर-मनमाड रस्ता गावाच्या मधून जातो. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण तोंडात अजून नगरच येतं. शिर्डी पाच किलोमीटरवर. शिर्डीला येणाऱ्या गाड्या आमच्याकडे पेरूसाठी थांबतात आणि बिघडल्या तर गॅरेजसाठी. त्यामुळे गॅरेजांना तोटा नाही. मी आधी एका एसीवाल्याकडे गेलो. त्यानं बॉनेट उघडलं, हात लावला आणि म्हणाला, गॅस संपला. गॅस भरला. चार दिवस एसी छान चालला. पाचव्या दिवशी कोपरगावच्या नाक्यावर पुन्हा गरम हवा. पुन्हा गेलो. पुन्हा गॅस. तिसऱ्यांदा तो म्हणाला, कॉम्प्रेसर गेला, बारा हजार. मी गप्प घरी आलो.

मधल्या काळात दुसऱ्या एका ठिकाणी स्कॅनर लावून घेतला. पडद्यावर इंग्रजीत अक्षरं उमटली. त्या मुलानं वाचून दाखवलं: कूलंट टेम्परेचर सेन्सर सर्किट, हाय. म्हणजे काय, मी विचारलं. म्हणजे इंजिन तापतंय, सेन्सर खराब आहे, बदला. नवा सेन्सर बसवला, दिवा विझवून दिला. तीन दिवसांनी दिवा पुन्हा हजर. जुना सेन्सर मी डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकून ठेवला होता. पैसे दिलेली वस्तू टाकवत नाही, एवढंच कारण. पण पुढे तो उपयोगी पडला.

हा दिवा काय असतो ते थोडं सांगतो, कारण आता तो जवळजवळ प्रत्येक गाडीत आहे. याची सुरुवात झाली धुरातून. अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरावर गाड्यांच्या धुराचं धुकं साचायचं. तेव्हा तिथल्या कॅलिफोर्निया राज्यानं १९८८ पासून नव्या गाड्यांना नियम घातला की धुरावर परिणाम करणारा बिघाड झाला तर गाडीनं स्वतःच तो ओळखून दिवा लावायचा. १९९६ पासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या गाड्यांना एकाच पद्धतीचे कोड आणि एकसारखं सॉकेट आलं. आपल्याकडे २०१० पासून ही पद्धत टप्प्याटप्प्यानं आली आणि २०१३ पासून तिचं पुढचं रूप. या नव्या पद्धतीच्या गाडीत स्टिअरिंगखाली सोळा खाचांचं सॉकेट असतं. त्यात काही शे रुपयांचं यंत्र लावलं की मोबाइलवर कोड दिसतो. पी हे अक्षर पुढे असेल तर तक्रार इंजिन-गिअरबॉक्सची, बी असेल तर बॉडीची, सी असेल तर ब्रेकसारख्या खालच्या भागांची. माझी गाडी त्याआधीची. तिच्यातही छोटा संगणक आहे, दिवा आहे, पण बोली थोडी वेगळी.

आपल्या शिर्डीच्या काही टॅक्सीवाल्यांनी यावर सोपा उपाय काढला आहे. ते दिव्यावर काळी टेप लावतात. हे करू नये. पिवळा दिवा स्थिर लागला असेल तर गाडी घरापर्यंत बेतानं आणता येते; तो चालत्या गाडीत सारखा लुकलुकत असेल तर वेग कमी करून थांबावं; आणि लाल दिवा, तेलाचा किंवा तापमानाचा, लागला तर आहे तिथेच इंजिन बंद. एवढं तरी लक्षात ठेवायला हरकत नाही.

तर मी शेवटी नानांकडे गेलो. नाना म्हणजे आमच्या गावातले जुने मिस्त्री. अॅम्बेसेडर आणि जीप यांवर हात बसलेला. कार्ब्युरेटर खोलून रॉकेलमध्ये धुणं हे त्यांचं निम्मं आयुष्य. २००० सालाच्या आसपास संगणकाच्या गाड्या आल्या तेव्हा त्यांच्या बरोबरीच्या अनेकांनी पाना खाली ठेवला. नानांनी कुठूनतरी मॅन्युअलची झेरॉक्स मिळवली, मुलीकडून इंग्रजी वाचून घेतलं आणि समासात पेन्सिलीनं मराठीत लिहून ठेवलं. ती वही मी पाहिली आहे. सेन्सर हा शब्द तिच्यात नाही. तिथे लिहिलंय ‘खबऱ्या’. पाण्याचा खबऱ्या, हवेचा खबऱ्या, पायाचा खबऱ्या. हा शेवटचा म्हणजे अॅक्सिलरेटर किती दाबला ते सांगणारा. शासनाच्या परिभाषा कोशाला हा शब्द सुचला नसता.

त्या दिवशी अम्मी बरोबर होती. तिला डोळे दाखवायला लोणीला न्यायचं होतं. नानांनी बॉनेट उघडलंच नाही. स्टुलावर बसले आणि विचारायला लागले. गाडी पळत असताना गरम हवा येते की उभी असताना? सकाळी की दुपारी? दिवा आधी की गरम हवा आधी? मला एकाही प्रश्नाचं धड उत्तर येईना. मी म्हणालो, नाना, कधीही होतं.

मागच्या सीटवरून अम्मी म्हणाली, “कधीही नाही होत. गाडी उभी राहिली की होतं. घाटात बघा कसं थंड होतं. आधी हवा गरम होते, दिवा मागून लागतो.”

नाना उठून मागच्या दाराशी गेले. “मावशी, अजून काही?”

“पुढून टक्‌ टक्‌ आवाज येत राहतो ना, तो बंद होतो. आणि एक घर्र आवाज असतो, पंख्यासारखा, तो त्याच्याही आधी बंद होतो.”

गाडी मी चालवत होतो. कवी मी. आणि तीन आठवड्यांनी एकदा मागं बसणाऱ्या बाईला गाडीचे दोन आवाज वेगळे ऐकू येत होते. खरं सांगायचं तर मी गाडीत रेडिओ लावतो. आता इथे बसून त्याला नावं कशी ठेवू!

नाना मला म्हणाले, “भाई, ह्यांनी निम्मं काम केलं.”

आता एसीचं थोडं. मोटारीच्या एसीत गॅस जळत नाही आणि संपत नाही. तो एका बंद नळीत गोल फिरत असतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, तेव्हा तो तापतो. पुढच्या जाळीजवळच्या कंडेन्सरमध्ये तो ती उष्णता बाहेर टाकून पातळ होतो. मग बारीक तोंडातून कूलिंग कॉइलमध्ये सुटतो, तिथे त्याची वाफ होते आणि ती होताना आतली उष्णता ओढून घेते. माठातलं पाणी गार होतं तोच नियम. तेव्हा गॅस कमी झाला असेल तर तो कुठूनतरी गळाला आहे. ते भोक न शोधता नुसता गॅस भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी. आणि कंडेन्सरला वारा हवा. गाडी पळत असते तेव्हा रस्त्याचाच वारा लागतो. उभ्या गाडीला पंखा. तो पंखा थांबला की गॅसचा दाब वाढत जातो, आणि फार वाढला की एक स्विच कॉम्प्रेसर बंद करून टाकतो, नळी फुटू नये म्हणून. अम्मीची टक्‌ टक्‌ म्हणजे कॉम्प्रेसरचा क्लच लागण्या-सुटण्याचा आवाज. घर्र म्हणजे पंखा.

म्हणजे कॉम्प्रेसर गेला नव्हता. तो शहाण्यासारखा गप्प बसत होता.

मग दिव्याचं काय? नानांनी फ्यूजच्या डबीजवळची एक चौकोनी जागा उघडली आणि त्यातल्या दोन खाचा तारेच्या तुकड्यानं जोडल्या. हे घरी करू नका. खाच चुकली तर संगणक जळतो. मग म्हणाले, “चावी फिरवा आणि दिवा मोजा.” दिवा लुकलुकायला लागला. एकदा. थोडं थांबून, चारदा. पुन्हा एकदा, पुन्हा चारदा. जन्मभर मात्रा मोजल्या, तेव्हा हे काही अवघड गेलं नाही. चौदा, मी म्हणालो. नानांनी वही काढली. चौदाच्या पुढे लिहिलं होतं: पाण्याचा खबऱ्या, तार तुटली किंवा फार गार.

मी म्हणालो, “गार? स्कॅनरवाला तर हाय म्हणाला होता. तापतंय म्हणाला.”

इथे मला हसू आलं, कारण ही शुद्ध भाषेची चूक होती. स्कॅनरवरचं ‘हाय’ तापमानाला लागू नव्हतं, व्होल्टेजला होतं. हा सेन्सर इंजिनाच्या पाण्यात बुडालेला असतो. पाणी गार असलं की तो वीज जास्त अडवतो, संगणकाला व्होल्टेज जास्त दिसतं. पाणी तापलं की कमी अडवतो, व्होल्टेज उतरतं. तारच सुटली तर व्होल्टेज पूर्ण चढतं आणि संगणकाची समजूत होते की इंजिन उणे चाळीस अंशांवर आहे. एप्रिल महिना, द्वारका चौक, आणि उणे चाळीस! आम्ही वाचलं की इंजिन तापलंय. कोड वाचणारा मुलगा प्रामाणिक होता. फक्त विशेषण कुठल्या नामाचं ते त्यानं पाहिलं नाही.

“जुना खबऱ्या आहे का?” नानांनी विचारलं. मी कप्प्यातून काढून दिला. नानांनी टपरीवरून उकळत्या पाण्याचा पेला मागवला. मीटरच्या दोन तारा सेन्सरला लावल्या. सावलीतल्या हवेत तो दोन हजार ओहमच्या आसपास दाखवत होता. गरम पाण्यात बुडवला तसा आकडा उतरत उतरत तीनशेच्या खाली गेला. म्हणजे जुना सेन्सर ठणठणीत होता. मी एक चांगली वस्तू काढून दुसरी चांगली वस्तू विकत घेतली होती.

आता मी एवढा शहाणा झालो आहे की कोड म्हणजे तक्रारअर्ज असतो हे मला कळतं. निकाल नसतो. त्यात लिहिलेलं असतं की या तारेवरून मला भलतीच खबर आली. दोष खबऱ्याचा, वाटेतल्या तारेचा, जोडाचा की खरोखर इंजिनाचा, ते संगणक सांगत नाही. अर्ज वाचला आणि ज्याचं नाव आहे त्याला नोकरीवरून काढलं, असं आपण करतो. यात गॅरेजवाल्यांनाच दोष देऊन चालणार नाही. शोधायला दोन तास लागले तर त्या दोन तासांचे पैसे द्यायला आपण तयार नसतो. नवा डबा, नवा पार्ट दिसला की मात्र खिशात हात जातो. मग तोही पार्टच विकतो.

नानांनी इंजिन चालू करून एसी लावला. पंखा फिरत होता, पण थकल्यासारखा. नानांनी मीटरची एक तार बॅटरीच्या काळ्या टोकाला आणि दुसरी पंख्याच्या काळ्या तारेला लावली. तिथे पाव व्होल्टसुद्धा दिसायला नको. दोन व्होल्ट दिसत होते. मग त्यांनी रेडिएटरच्या बाजूला, बॅटरीच्या खाली, बॉडीला बसवलेला एक नटबोल्ट शोधला. त्यावर दोन तारा एकत्र आवळलेल्या होत्या आणि सगळ्यावर हिरवा-पांढरा गंज चढला होता. त्यांनी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं त्या तारांना हलकी टिचकी मारली. पंखा थांबला. दोन-तीन सेकंदांत पिवळा दिवा लागला.

नाना वळून म्हणाले, “भाई, गाडीला अर्थ लागत नाहीये.”

मी क्षणभर त्यांच्याकडे बघतच राहिलो. अर्थ म्हणजे अर्थिंग. बॅटरीकडे परत जाणारी वाट. पण आयुष्यभर संपादकांकडून हेच वाक्य ऐकलेल्या माणसाला ते दुसरंच ऐकू आलं. मी हसलो, नानांना कळेना का हसतोय ते. नंतर सांगितलं तेव्हा तेही हसले आणि म्हणाले, “मग कविताही सँडपेपरनं घासत जा.”

झालं होतं असं. आधीच्या मालकाच्या काळात कधीतरी सेन्सरची परतीची तार तुटली असावी. कुणीतरी ती शोधून मूळ जागी जोडायच्या ऐवजी जवळच्या पंख्याच्या अर्थवर आणून आवळली. बरीच वर्षं चाललं. मग बॅटरीचं पाणी वरून झिरपलं, गंज धरला. पंखा जोरात फिरायला लागला की वीज परत जायला वाट शोधी. बोल्टवर वाट तुंबली की तीच वीज उलटी सेन्सरच्या तारेत घुसे. पंखा बंद पडला म्हणून एसी बंद, आणि सेन्सरकडून भलती खबर गेली म्हणून दिवा. दोन आजार वाटत होते, एका बोल्टचे होते. मी एसी एकाला दाखवत होतो आणि दिवा दुसऱ्याला.

नानांनी तो बोल्ट काढला, पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, पंख्याच्या तारेला नवं टोक लावलं, सेन्सरची तार सोडवून तिच्या मूळ जागी नेऊन जोडली आणि बोल्टवर ग्रीस थापलं. मग एसी लावला. श्रोतेहो, हे मला तुम्हाला ऐकवता आलं असतं तर बरं झालं असतं. पंख्याचा आवाजच बदलला. कण्हत होता तो घुमायला लागला. बॅटरीची तार थोडा वेळ काढून पुन्हा लावली आणि दिवा मोजला. एकदा, थोडं थांबून दोनदा. बारा. नानांच्या वहीत बाराच्या पुढे लिहिलंय: सगळं ठीक.

एक काम मात्र उरलं होतं. दोनदा भरलेला गॅस. आधीच पुरेसा असलेल्या जागी आणखी भरला होता, त्यामुळे दाब आणखीच लवकर वाढत होता. दुखणं एक आणि औषधानं ते वाढवलेलं. नाना एसीचा गॅस हाताळत नाहीत. त्यांनी मला ज्याच्याकडे मशीन आहे अशाकडे पाठवलं. त्यानं सगळा गॅस मशीनमध्ये ओढून घेतला, अर्धा तास व्हॅक्यूम दिला म्हणजे नळीतली ओल निघून जाते, आणि बॉनेटखालच्या चिठ्ठीवर लिहिलेल्या ग्रॅमइतकाच तोलून परत भरला. लहान गाडीत हा गॅस अर्ध्या किलोच्या आसपास असतो. शे-दीडशे ग्रॅम जास्त झाला तरी फरक पडतो. तो हवेत सोडून द्यायचा नसतो, हेही मला तिथेच कळलं. जुन्या गाड्यांतला आर-१२ हा गॅस ओझोनच्या थराला भोकं पाडतो म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर जगातून हळूहळू गेला. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला हात लावत नाही, पण उष्णता धरून ठेवण्यात तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त भारी आहे. म्हणजे गळक्या एसीत गॅस भरत राहणारा माणूस बाहेरचा उन्हाळाही थोडा वाढवत असतो.

नानांनी माझ्याकडून तीनशे रुपये घेतले. मी पाचशे देत होतो. म्हणाले, “दोनशे मावशींचे.”

मेच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा नाशिकला गेलो. पहाटे नाही, मुद्दाम नाही, पण डॉक्टरांची वेळच दुपारची मिळाली. द्वारका चौकात पंधरा मिनिटं उभे होतो. मी रेडिओ बंद करून ठेवला होता. पुढे टक्‌ होत होतं, पंखा घुमत होता, आणि माझं सगळं लक्ष त्या दोन आवाजांकडे होतं. मागून अम्मीनं खांद्याला हात लावला. मी दचकून वळलो.

“एसी जरा कम कर रे,” ती म्हणाली, “थंडी लगती.”